नातालबायचा मतदारसंघ

ऑस्ट्रेलियात, आमच्या स्कोफिल्ड्समध्ये, वसंत आल्याचं तीन गोष्टींवरून कळतं. मॅगपाय नावाचा काळा-पांढरा पक्षी सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालू लागतो. औषधांच्या दुकानात परागांमुळे शिंकणाऱ्यांसाठी नाकात मारायच्या फवाऱ्यांचा वेगळा रॅक लागतो. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. चौथी खूण फक्त आमच्या गल्लीपुरती आहे. हिवाळाभर शनिवारी सकाळी आठला येणारा बेनेडिक्ट लोपीसच्या घरचा फोन आता नऊला वाजतो, आणि त्याची आई नातालबाय हातातला चहाचा कप खाली ठेवून म्हणते, "आली टेक्सासवाली."

यंदाही तो वाजला तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर होते. ओसरी म्हणजे गॅरेजच्या पुढची फरसबंदी. तिथं दोन खुर्च्या टाकून नातालबायने तिची ओसरी केली आहे. समोरचा जॅकरांडा आता छपरापर्यंत गेला आहे. चार वर्षांपूर्वी त्याला काठीला बांधून ठेवलं होतं आणि त्याला एकूण सात फुलं आली होती. नातालबायने ती मोजली होती.

त्या चार वर्षांपूर्वीच्या वसंतात या घरातून टेक्सासमधली एक निवडणूक लढवली गेली.

उमेदवार होती शेरॉन, बेनीच्या थोरल्या भावाची मुलगी, नातालबायची नात. तिचा जन्म टेक्सासचा आणि व्यवसाय दातांच्या डॉक्टरचा. तिकडे गावातल्या शाळांचा कारभार पाहणारं मंडळ लोक मतदान करून निवडतात. शेरॉनची मुलं तिथल्या शाळेत होती, शाळेची बस बंद होणार होती, म्हणून ती उभी राहिली. बसबद्दल तिला कुणी फारसं विचारलं नाही. ती कोण आहे, एवढंच सगळ्यांना हवं होतं.

तिच्या वॉर्डात निम्म्याहून जास्त घरं मेक्सिकोतून आलेल्यांची. ती जागा लॅटिनोंची, असं गावात धरूनच चाललेलं. शेरॉनचं आडनाव लोपीस, वर्ण नातालबायचा, आणि शनिवारी संध्याकाळी ती चर्चला जायची. पहिल्याच सभेत एक म्हातारे गृहस्थ तिचा हात हातात घेऊन पाच मिनिटं स्पॅनिशमध्ये बोलले. ती हसली. तिच्या प्रचारप्रमुखाने गाडीत बसल्यावर सांगितलं, "असंच हसत राहा. आडनाव आपलं काम करील."

भारतीयांच्या मंडळाकडेही ती गेली. सेक्रेटरींनी तिला समोसा दिला आणि विचारलं, "लोपीस हे मिस्टरांचं का?"

"नाही, बाबांचं."

"मग मूळचं काय?"

"हेच."

"त्याच्या आधीचं?"

त्याच्या आधीचं म्हणजे वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीज होते त्याच्याही आधीचं. ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, "विचारून कळवा."

तिसरा प्रसंग तिच्याच दवाखान्यातला. दाढ काढून झाल्यावर एक गोऱ्या आजीबाई कापसाच्या बोळ्यातून म्हणाल्या, "तुझं इंग्रजी फार छान आहे हं." शेरॉनने सांगितलं की आजीशी बोलण्यापुरती मराठी सोडली तर तिला दुसरी भाषा येतच नाही. आजीबाईंना ते अधिकच कौतुकाचं वाटलं.

हे सगळं ती शनिवारी सकाळी, म्हणजे तिच्या शुक्रवारी संध्याकाळी, स्क्रीनवरून सांगायची आणि लोपीसांच्या जेवणाच्या टेबलाभोवती तिची समिती बसायची. बेनी रेल्वेच्या सिग्नलचा इंजिनिअर. त्याची मुलगी एलिशा तेव्हा दहावीत होती. प्रश्न मराठीत आला तरी उत्तर इंग्रजीत द्यायची. शशांक पुण्याचा, इकडे स्टुडंट म्हणून आला आणि पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळवून राहिला. एका गोदामात शिफ्टला जायचा आणि शनिवारी पोर्क इंद्याल असतं म्हणून लोपीसांकडे यायचा. घरी सांगायचा, चिकन होतं.

मला बोलावण्याचं कारण माझी जुनी नोकरी. मुंबईतल्या एका मराठी दैनिकात परदेश पान लावण्याचं काम मी अकरा वर्षं केलं. अमेरिकेची निवडणूक आली की 'लॅटिनो मते निर्णायक', 'कृष्णवर्णीय मतदार नाराज', 'गोऱ्या कामगारांचा कौल कुणाला?' असे मथळे द्यायचे. वृत्तसंस्थेकडून येईल ते मराठी करायचं आणि दोन कॉलमांत बसवायचं. त्या अकरा वर्षांत एकाही लॅटिनो मतदाराशी माझं बोलणं झालं नव्हतं. मथळ्याला त्याची गरजही पडत नव्हती. नातालबायने माझी ओळख शेरॉनला करून दिली ती अशी, "ही पेपरवाली. हिला सगळं माहीत असतं."

शेरॉनच्या प्रचाराला माणसं कमी पडत होती. मतदारांना फोन करायचे होते. प्रचारप्रमुखाने एक लिंक दिली. ती उघडली की नावं दिसायची, नावावर बोट ठेवलं की फोन लागायचा, आणि खाली काय बोलायचं ते लिहिलेलं असायचं. जगात कुठूनही करता येत होतं. पगार घ्यायचा नाही, एवढीच अट. बेनी म्हणाला, "नो वरीज. आम्ही आहोत ना."

यादी उघडल्यावर बेनी ती खाली खाली सरकवत राहिला. मग चष्मा पुसून त्याने स्क्रीन आईकडे वळवला. तो नावं वाचत गेला ती वसईच्या उच्चारात: लोपीस, परेरा, फर्नांडिस, कोरिया, रॉड्रिग्ज. पानामागून पानं.

"बघ गं आई. केवढे हे आपले लोक."

"डॅड, दे आर मेक्सिकन," एलिशा म्हणाली.

"सगळे नसणार. निदान चार घरं तरी आपल्याकडची असतील. त्यांच्यापासून सुरुवात करू."

बेनी हा सिग्नल तपासल्याशिवाय गाडी न सोडणारा माणूस आहे. पण परक्या देशाच्या यादीत आपलं आडनाव शंभर वेळा दिसलं की वसईकराचं काय होतं, ते मी त्या सकाळी पाहिलं. त्याने लिहून दिलेला मजकूर बाजूला सारला आणि वसईत अनोळखी माणसाला विचारतात तोच पहिला प्रश्न विचारायचं ठरवलं. कुठल्या पॅरिशचे, म्हणजे कुठल्या चर्चचे?

पहिला फोन मिस्टर फर्नांडिसना लागला.

"गुड ईव्हनिंग सर, धिस इज बेनेडिक्ट. मे आय नो युअर पॅरिश?"

पलीकडून सांगण्यात आलं की त्यांचा कॉम्प्युटर उत्तम चालू आहे आणि त्यांना काहीही विकत घ्यायचं नाही.

दुसऱ्या बाईंनी न विचारताच बँकेची माहिती देण्यास नकार दिला. तिसऱ्याने आपण कर भरल्याचं सांगून फोन ठेवला. चौथ्याने आधी बेनीला पूर्ण बोलू दिलं, मग शांतपणे विचारलं, "तुझ्या आईला माहीत आहे का तू हे काम करतोस?"

बेनीने आईकडे पाहिलं. ती लसूण सोलत होती. "येस सर," तो म्हणाला, "शी इज सिटिंग राइट हिअर."

पहिल्या शनिवारी दुपारपर्यंत जे काही फोन झाले त्यांचं फलित हे: शेरॉनच्या वॉर्डात अशी बातमी पसरली की भारतातली एक टोळी चर्चची चौकशी करून लोकांना लुबाडते आहे. प्रचारप्रमुखाने शेरॉनला विचारलं, तू याबद्दल काही ऐकलंस का. शेरॉन हसत राहिली. तिला आता त्याचा सराव झाला होता.

पुढच्या शनिवारी शशांकने सूत्रं हाती घेतली. पुण्याला असताना दोन वर्षं त्याने कॉल सेंटरमध्ये काढली होती. त्याने खुर्ची ओढली, हेडफोन लावला, मान एकदा डावीकडे एकदा उजवीकडे मोडली, आणि त्याच्या तोंडून एक संपूर्ण वेगळा माणूस बाहेर आला.

"हाय देअर! धिस इज सॅम!"

नातालबायने सुरी खाली ठेवली. "हा कोण बोलला?"

फोन कुणी ठेवेना. सॅमने शेरॉनचं नाव सांगितलं, बसचा मुद्दा सांगितला, लोकांनी ऐकून घेतलं. अर्धा तास असा गेल्यावर बेनीने त्याच्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतला.

"बस झालं. ती बिचारी तिकडे आपण कोण ते कसं सांगायचं म्हणून झोपत नाहीये, आणि तू तिच्या नावाने सॅम होतोस?"

"बेनीदा, मत महत्त्वाचं की उच्चार? तू खरा बेनेडिक्ट म्हणून बोललास तर तुला चोर समजले. मी खोटा सॅम म्हणून बोललो तर मला सर म्हणाले. आता यात चूक माझी का?"

परदेश पानावर अकरा वर्षं काढलेल्या सभासदाने ताटं मांडायला घेतली. इंद्यालचं भांडं टेबलावर आलं आणि विषय तेवढ्यापुरता मिटला.

जेवणानंतर शशांकने, हा एक शेवटचा म्हणून, स्वतःच्याच आवाजात फोन लावला. यादीत नाव होतं ग्वादालुपे लोपेझ. पलीकडून एक म्हातारा आवाज स्पॅनिशमध्ये आला. शशांकने इंग्रजी करून पाहिलं, हळू इंग्रजी करून पाहिलं, मोठ्याने इंग्रजी करून पाहिलं. मग त्याने फोन नातालबायच्या हातात दिला.

"आजी, हिला इंग्रजी येत नाही, तुम्हालाही येत नाही. बोला तुम्हीच."

तो चेष्टाच करत होता. नातालबायने फोन कानाला लावला आणि वसईच्या बोलीत चर्चच्या प्रार्थनेबद्दल विचारलं, "मिस्साला गेली होतीस का?"

पलीकडचा आवाज एकदम चढला. "मिसा? सी, सी, मिसा!" आणि पाठोपाठ एक लांबलचक वाक्य, त्यात सान अँतोनियो एकदा येऊन गेला. नातालबाय म्हणाली, "आमचा पण सांत आंतोनच. हरवलेलं सगळं शोधून देतो. चष्मा सोडून."

फोन चाळीस मिनिटं चालला. तो स्पीकरवर होता, म्हणून त्याचा तपशील मी देऊ शकते. पाद्री, रोझरी, साबण आणि मेज हे शब्द दोघींकडे होते. बाकीचं काम त्यांनी आवाजावर भागवलं. खुर्चीतून उठताना गुडघ्यातून जी कळ येते तिच्यासाठी दोन्ही भाषांत एकच आवाज आहे. तो लुपेने, म्हणजे ग्वादालुपेने, काढला, नातालबायने ओळखला आणि परत काढून दाखवला. केळीच्या पानात गुंडाळून वाफवायच्या पदार्थाचा विषय कसा निघाला ते मात्र मला सांगता येणार नाही. नातालबाय फ्रीजपर्यंत गेली आणि दुकानातून आणलेली गोठवलेली पानं बाहेर काढून फोनसमोर धरून म्हणाली, "हे बघ, माझ्यावर काय वेळ आली आहे." फोन साधा होता, त्यात चित्र नव्हतं. तरी लुपेने हळहळ व्यक्त केली.

फोन ठेवल्यावर बेनीने विचारलं, "शेरॉनला मत देणार का ती?"

"ते कुठं विचारलं मी? पहिल्याच दिवशी काय विचारायचं?"

पुढच्या शनिवारपासून लुपेच फोन करू लागली. एलिशाने टॅबलेटवर भाषांतराचं ॲप लावून दिलं, त्यामुळे गोष्टी थोड्या कमी समजू लागल्या, पण नावं कळली. गुडघ्याचं ऑपरेशन ठरत होतं. एक्तोर नावाचा जावई होता आणि तो कुणाचं ऐकत नव्हता. लुपे नातालबायला 'कोमाद्रे' म्हणायची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या नात्यातली आई. नातालबायला त्यात नवल वाटलं नाही. "आम्हा लोकांना वसईत कुपारी का म्हणतात? त्याच नात्यावरून. तिला हे आधीच माहीत असणार."

याच सुमाराला शेरॉनचा खरा प्रश्न पुढे येऊन उभा राहिला. गावातल्या लॅटिनोंच्या संघटनेने रविवारी दुपारी सगळ्या उमेदवारांना बोलावलं होतं. संघटना ज्याला पाठिंबा देईल तो जिंकतो, असा आजवरचा अनुभव. आणि तिला थेट विचारणार होते, तू आमची आहेस का. होय म्हणणं खोटं होतं. नाही म्हटलं तर जागा जात होती. हसून वेळ मारून नेणं हा तिसरा मार्ग होता, आणि प्रचारप्रमुखाचा आग्रह त्याचाच होता.

आदल्या शनिवारी सकाळी ती स्क्रीनवर दिसली तेव्हा हसत नव्हती.

"खोटं बोलू नकोस," बेनी म्हणाला, "पण खरं सांगायची घाईसुद्धा करू नकोस."

"विषय बस-सेवेवर न्यायचा," शशांक म्हणाला. "मी दोन वर्षं सॅम होतो. एकदाही खोटं बोललो नाही. सॅम कुठला, हे कुणी विचारलंच नाही."

"दॅट्स लिटरली लाइंग, मेट," एलिशा म्हणाली. मग जरा थांबून, "शॅरन, स्कूलमध्ये मला पण विचारतात. ऑसी मुलं म्हणतात इंडियन. इंडियन मुलं म्हणतात, नॉट प्रॉपर इंडियन. आय जस्ट से स्कोफिल्ड्स." त्या हंगामात तिने एका दमात उच्चारलेली ही सर्वांत जास्त मराठी.

नातालबायने विचारलं, "काय विचारणार आहेत तुला ते?"

"मी कोण आहे, आजी."

"मग सांग की. नातालबायची नात."

"आजी, ते तुला ओळखत नाहीत."

"का? तू सांगितलं नाहीस त्यांना?"

शेरॉन आता हसली. हे हसणं प्रचारातलं नव्हतं.

रविवारच्या सभेत तिने सरळ सांगितलं की ती लॅटिना नाही. आडनाव तिच्या पूर्वजांना ज्यांनी दिलं त्यांनी ते देताना विचारलं नव्हतं. तिचं घराणं वसई नावाच्या गावचं, केळीच्या वाड्या करणाऱ्यांचं. तिची आजी ऑस्ट्रेलियात असते. मग मागच्या रांगेतून एक बाई काठीवर उठून उभी राहिली आणि मोठ्याने काहीतरी विचारू लागली. तिच्या जावयाने तिला ओढून खाली बसवलं. संघटनेने त्या वर्षी कुणालाच पाठिंबा दिला नाही. भारतीय मंडळाने शेरॉनच्या स्पष्टवक्तेपणाचं अभिनंदन केलं आणि आधीचं आडनाव कळवण्याची आठवण केली.

निकाल आमच्या बुधवारी दुपारी बारानंतर यायचा होता. आदल्या दिवशी इकडे घोड्यांच्या एका शर्यतीसाठी सगळा देश थांबतो. बेनीच्या ऑफिसात त्याने ज्या घोड्यावर पैज लावली तो शेवटून दुसरा आला. त्याने तो अपशकुन मानला आणि बुधवारी सिकी मारली, म्हणजे आजारी नसताना आजारपणाची रजा घेतली. शशांकने शिफ्ट बदलून घेतली. नातालबायने लाल चौकड्यांचं लुगडं नेसलं आणि ती माळ घेऊन बसली. इकडे मत द्यायला गेलं की शाळेच्या आवारात सॉसेज भाजून मिळतं आणि नाही गेलं तर दंड होतो. तिकडे लोकांना घरातून बाहेर काढायला फोन करावे लागतात, हे तिला अजून पटलं नव्हतं. "सॉसेज ठेवत नसतील," ती म्हणाली.

दीडच्या सुमाराला शेरॉनचा मेसेज आला. ती थोडक्यात हरली होती.

बेनी उगाच सिंक घासायला लागला. पाच मिनिटांत फोन वाजला. लुपे होती, आणि ती रडत होती. नातालबायने पुढचा अर्धा तास तिची समजूत घातली. नात हिची, निवडणूक हिच्या नातीची, पराभवही हिच्याच घरातला. पण धीर द्यावा लागला तो पलीकडच्या बाईला. "अगं, रडू नकोस. गुडघ्यावर ताण येतो."

दोन दिवसांनी तिथल्या स्थानिक वर्तमानपत्राचं कात्रण शेरॉनने पाठवलं. मथळा होता, 'लॅटिनो मते विभागली'. मला तो वाचताना जुनी ओळख पटली. असा मथळा मी कितीदा दिला असेल, सांगता येणार नाही. फरक इतकाच की या वेळी ती मतं नेमकी कुठं विभागली, हे मला ठाऊक होतं. ती लुपेच्या स्वयंपाकघरात विभागली. एक्तोर म्हणाला, मंडळावर बसलेल्या आपल्या माणसाला मत द्यायचं. लुपे म्हणाली, त्या आपल्या माणसाने चार वर्षांत माझ्या गुडघ्याची चौकशी केली आहे का? तो म्हणाला, गुडघ्याचा आणि स्कूल बोर्डाचा काय संबंध? त्या रविवारी त्याला केळीच्या पानातलं काही मिळालं नाही. लुपे आणि तिच्या दोन जावा एकीकडे, एक्तोर आणि त्याचे भाऊ दुसरीकडे. दोन कॉलमांत हे मावलं नसतं.

आता एलिशा युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, आहे. शशांकने घर घेतलं, इथून दोन गल्ल्या सोडून, आणि इंद्यालबद्दल घरी आता खरं सांगतो. नातालबाय ब्याऐंशीची आहे. शेरॉन पुन्हा उभी आहे. बस चार वर्षांपूर्वीच बंद झाली, ती तिला परत सुरू करायची आहे. या खेपेला तिने पहिल्याच शनिवारी सगळ्यांना बजावलं, "प्लीज, कुणालाही फोन करू नका."

"मी कुठं करते?" नातालबाय म्हणाली. "मला येतो."

परवाच्या शनिवारी मात्र नऊ वाजता आलेला फोन लुपेचा नव्हता. स्क्रीनवर शेरॉन होती, अजून सभेतल्याच कपड्यांत, आणि तिला धाप लागली होती. संघटनेची बैठक आत्ता संपली. पाठिंबा कुणाला द्यायचा यावर एक तास वाद झाला. शेवटी एक्तोरने उभं राहून तोच जुना प्रश्न विचारला, ही बाई आपली आहे का? त्यावर मागून त्याची सासू उठली. या वेळी तिला कुणी खाली बसवलं नाही.

"काय म्हणाली ती?" बेनीने विचारलं.

"म्हणाली, ती आपली नाही. तिची आजी आपली आहे. आणि सगळ्यांनी हात वर केले. एक्तोरनेसुद्धा. आजी, त्यांनी मला पाठिंबा दिला."

बेनी खुर्चीतून उठला आणि परत बसला. शशांकने टेबलावर हात आपटला. नातालबायने चष्मा सारखा करून स्क्रीनमध्ये नीट पाहिलं.

"ती उठली म्हणतेस. काठी घेऊन उठली की बिनकाठीची?"

"आजी, मी... मी ते नाही बघितलं."

"गुडघा कसा आहे, विचारलंस?"

"अगं, तिथे एवढी गर्दी होती, मीटिंग चालू होती..."

"मग कसली निवडणूक लढवतेस?" नातालबाय म्हणाली, आणि चहाचा कप परत उचलला.